किडकी दाढ आणि रिकामा खिसा

वाचक मंडळी, दाढदुखी ज्याने सोसली त्यालाच ती कळते. पाय दुखला तर माणूस पाय चेपून घेतो. डोके दुखले तर फडके बांधून पडून राहतो. पण दाढ ठणकू लागली की बसवत नाही, निजवत नाही, कुणाशी बोलवत नाही. पुढ्यात गरम भाकर असते, पोटात भूक असते, आणि घास तोंडात घालण्याची छाती होत नाही.

आम्ही काही डॉक्टर नव्हे. आम्ही शाळामास्तर. सारा जन्म पोरांना बाराखडी आणि पाढे शिकवण्यात गेला. परंतु आमच्या गावात एक प्रसंग असा घडला, की त्यापायी आम्हाला तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या दवाखान्यात खेपा घालाव्या लागल्या. तिथे आम्ही पाहिले, डॉक्टरांना खोदून खोदून विचारले. जे कळले ते तुम्हाला सांगतो. त्यात आमची एक चूकही आहे. तीही सांगतो, कारण ती चूक घरोघरी होते.

गोळीने दाढ बरी झाली?

आमचा एक जुना विद्यार्थी ऊसतोडीला जातो. दिवाळीच्या आधी तो एकदा आमच्या ओट्यावर येऊन बसला. गालावर हात होता.

"गुरुजी, दाढ लई ठणकायलीय. रातभर डोळ्याला डोळा नाही."

"अरे, मग डॉक्टरला दाखव की."

"पैका कुठनं आणावा? दाढीला हजारानं पैसे लागत्यात म्हणं. आपला काही विमा नाही, काही नाही. उचल तर घरावर पत्रे टाकण्यात गेली."

आम्ही त्याचे तोंड पाहिले. खालच्या दाढेला खड्डा पडला होता. खड्डा काळा झाला होता. तो म्हणाला, दोन वर्षांपासून तो तसाच आहे. आम्ही म्हणालो, "बरं, तूर्त एखादी दुखण्याची गोळी घे. मग बघू."

त्याने किराणा दुकानातून गोळ्या आणल्या. चार-सहा दिवस घेतल्या. पुढच्या आठवड्यात तो हसत भेटला. "गुरुजी, दाढ बरी झाली!" त्याला आनंद झाला, आम्हालाही झाला. आमची चूक ती हीच.

पंधरा दिवसांनी रात्री त्याची आई धावत आली. "गुरुजी, लेकराकडं चला जरा." जाऊन पाहतो तो गाल आणि हनुवटीखालचा भाग दगडासारखा सुजलेला. अंगात ताप. तोंड एका बोटाएवढेही उघडत नव्हते. थुंकी गिळता येत नव्हती, ती बाहेर गळत होती. आम्ही १०८ नंबरला फोन केला. गाडी आली. तालुक्याच्या दवाखान्यात नेले, त्यांनी तातडीने जिल्ह्याला पाठवले. तिथे हनुवटीखाली चिरा देऊन पू काढला, दाढ काढली, सलाइनमधून औषधे दिली. पोरगा वाचला. डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितले, की सूज आणखी पसरती तर श्वासाची वाट बंद झाली असती.

त्या वर्षी त्याची टोळी त्याच्याविना गेली. उचल डोक्यावर तशीच राहिली. आणि मंडळी, सगळ्यात वाईट वाटण्याची गोष्ट पुढेच आहे. दोन वर्षांपूर्वी तीच दाढ तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात एका खेपेत भरून मिळाली असती. हे त्याला ठाऊक नव्हते. गुरुजी म्हणवून घेणाऱ्या आम्हालाही ठाऊक नव्हते. म्हणून हा लेख.

दात आतून कसा असतो

दात वरून दगडासारखा दिसतो, पण तो सजीव आहे. त्याला तीन थर असतात. बाहेरचे पांढरे कवच फार टणक. माणसाच्या अंगात त्याच्याहून टणक दुसरे काही नाही, हाडसुद्धा नाही. त्याच्या आत पिवळसर थर असतो, तो थोडा मऊ. आणि अगदी आत गाभा. गाभ्यात रक्ताच्या बारीक नळ्या आणि नसा असतात. दाताची मुळे जबड्याच्या हाडात रोवलेली असतात. झाड जमिनीत रोवलेले असते ना, तसेच.

कवचाला नस नाही. म्हणून कवच किडले तरी दुखत नाही. इथेच माणूस फसतो. दुखत नाही म्हणजे काही झाले नाही असे त्याला वाटते. चोर मात्र कुंपण तोडून आत आलेला असतो.

कीड म्हणजे किडा नव्हे

आपण म्हणतो, दाढेला कीड लागली. म्हणून अनेकांना वाटते, ज्वारीच्या दाण्याला पोरकिडा लागतो तसा दाढेत किडा शिरला. तसे नाही. दाढेत वळवळणारा किडा नसतो.

आपल्या सर्वांच्या तोंडात डोळ्यांना न दिसणारे बारीक जंतू असतात. साखर, गूळ, गोळ्या, बिस्किटे, गोड चहा हे त्यांचे आवडते खाणे. गोड खाऊन ते आंबट रस तयार करतात. चिंचेने तांब्याचे भांडे कसे निघते ते तुम्ही पाहिले आहे. तसा हा आंबट रस दाताचे कवच रोज थोडे थोडे विरघळवतो. दाढांच्या खाचांत आणि दोन दातांच्या फटीत अन्न अडकून राहते, म्हणून कीड बहुधा तिथेच लागते.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. गोड किती खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले हे जास्त महत्त्वाचे. जेवणाबरोबर एकदा पुरणपोळी खाल्ली तर तेवढा धोका नाही. पण दिवसभरात आठ वेळा गोड चहा घेतला तर आठ वेळा दातांवर आंबट रसाचा मारा होतो. मध्ये वेळ मिळाला तर तोंडातली लाळ तो रस धुऊन काढते. वेळच मिळाला नाही तर लाळ तरी काय करील?

दुखणे पायरीपायरीने वाढते

पहिली पायरी: दातावर पांढरट किंवा तपकिरी डाग पडतो. दुखत नाही.

दुसरी पायरी: खड्डा पडतो. अन्न अडकते. गार पाणी किंवा गोड लागले की क्षणभर सणक येते आणि जाते. या पायरीवर दाढ भरली की काम भागते. वेळ थोडा, खर्च कमी, आणि दाढ आपली आपल्याला राहते.

तिसरी पायरी: कीड गाभ्याजवळ पोचते. आता ठणका आपोआप सुरू होतो आणि थांबता थांबत नाही. रात्री आडवे झाले की वाढतो. गरम लागले तर कळ डोक्यात जाते. आता नुसती भरून भागत नाही.

चौथी पायरी: गाभ्यातली नस मरते. नस मेली की दुखणेही थांबते! आमच्या विद्यार्थ्याची दाढ "बरी झाली" ती अशी. दाढ बरी झाली नव्हती, ती मेली होती. मेलेल्या गाभ्यात जंतू वाढतात आणि मुळातून हाडात उतरतात. मुळाशी पू साठतो. हिरडीवर फोड येतो, तोंडाला घाण वास येतो, दाढ चावताना उंच लागते. पुढे गाल सुजतो.

म्हणून आमचे सांगणे असे: फार दुखत असलेली दाढ डॉक्टरांशिवाय एकाएकी थांबली, तर आनंद करू नका. दुसऱ्याच दिवशी दवाखान्याची वाट धरा.

विमा नाही, मग जावे कुठे?

आता मुख्य मुद्दा. पहिल्यांदा एक गैरसमज दूर करू. बरेच लोक म्हणतात, आमच्याकडे विम्याचे कार्ड नाही, म्हणून दात दाखवत नाही. अहो, ज्यांच्याकडे कार्ड आहे त्यांनाही साध्या दाढेसाठी त्याचा फारसा उपयोग नसतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असो की २०१८ साली सुरू झालेली आयुष्मान भारत योजना असो, त्या प्रामुख्याने दवाखान्यात दाखल होऊन घ्यायच्या मोठ्या उपचारांसाठी आहेत. दाढ भरणे, दाढ काढणे हे नेहमीचे काम साधारणपणे त्यात बसत नाही. तेव्हा विमा नाही म्हणून हातावर हात ठेवून बसू नका. दाढेसाठी दुसऱ्या वाटा आहेत.

पहिली वाट, सरकारी दवाखाना. गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बहुधा दातांचे डॉक्टर नसतात. पण तिथले डॉक्टर दाढ पाहून तूर्त औषध देतात आणि पुढे कुठे जावे याची चिठ्ठी देतात. तालुक्याच्या ठिकाणी ग्रामीण रुग्णालय किंवा उपजिल्हा रुग्णालय असते. त्यांपैकी पुष्कळ ठिकाणी दातांचे डॉक्टर आणि दातांची खुर्ची असते. जिल्हा रुग्णालयात दातांचा विभाग असतोच म्हणा ना. महाराष्ट्र सरकारने १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य खात्याच्या या सर्व दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत केले आहेत. केसपेपरलासुद्धा पैसे पडत नाहीत.

मात्र खेप फुकट जाऊ देऊ नका. आधी गावच्या आशाताईंना विचारा. "तालुक्याला दातांचे डॉक्टर आहेत का? कोणत्या वारी बसतात? केसपेपर किती वाजेपर्यंत निघतो?" ऊसतोडीच्या किंवा रोजंदारीच्या माणसाला एक खाडा म्हणजे एक दिवसाची चूल. म्हणून एवढी चौकशी करूनच घर सोडावे.

दुसरी वाट, दातांचे कॉलेज. जिथे दातांचे डॉक्टर तयार होतात, तिथे दवाखाना जोडलेला असतो. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे सरकारी दंत महाविद्यालये आहेत. मुंबईत महापालिकेचे नायर दंत महाविद्यालयही आहे. गोव्यात बांबोळीला सरकारी दंत महाविद्यालय आहे. याशिवाय अनेक जिल्ह्यांत खाजगी कॉलेजे आहेत. तिथे शिकणारी मुले-मुली उपचार करतात आणि त्यांचे शिक्षक मागे उभे राहून पाहतात. फी बाजारातल्या दवाखान्याहून पुष्कळ कमी असते. वेळ मात्र जास्त लागतो, खेपाही जास्त पडतात.

कुणी म्हणेल, "शिकाऊ पोरांच्या हाती दाढ कशी द्यावी?" आम्ही स्वतः आमची एक दाढ अशाच कॉलेजात भरून घेतली. शिकाऊ मुलीने तासभर लावला. तीन वेळा तिच्या सरांनी येऊन पाहिले, एकदा तिला पुन्हा करायला लावले. आम्हाला आमच्या शाळेची तपासणी आठवली! ती दाढ आजही भाकर चावते आहे.

तिसरी वाट, धर्मादाय दवाखाने आणि शिबिरे. ट्रस्टच्या मोठ्या दवाखान्यांना महाराष्ट्रात कायद्याने काही खाटा गरिबांसाठी राखाव्या लागतात. १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत, आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत. मुळाशी पू होऊन दाखल होण्याची वेळ आली, तर तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा. रेशनकार्ड किंवा तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला जवळ असू द्या. गावात शिबिर आले तर दात जरूर दाखवा. पण शिबिरात बहुधा नुसती तपासणी होते. पुढचा उपचार कुठे, कधी, किती पैशांत, हे तिथेच विचारून कागदावर लिहून घ्या.

चौथी वाट कारखान्यात कायम काम करणाऱ्यांची. पगारातून ईएसआय कापले जात असेल तर त्यांच्या दवाखान्यावर तुमचा हक्क आहे. घरच्या माणसांचाही आहे.

पाचवी वाट, गावातला किंवा तालुक्यातला खाजगी डॉक्टर. सरकारी दवाखाना फार दूर असेल तर तिथे जावे लागते. जायला हरकत नाही, पण तोंड उघडण्याआधी तोंडाने विचारा. "डॉक्टरसाहेब, दाढ भरून भागेल का? किती खेपा? एकूण खर्च किती? टोपीचे पैसे वेगळे का? दोन-तीन हप्त्यांत दिले तर चालतील का?" असे विचारण्यात लाज कसली? बैल घेताना आपण दहा वेळा विचारतो. चांगला डॉक्टर रागावत नाही. खिशाला काय झेपेल ते कळले तर त्याप्रमाणे मार्ग सांगतो.

भरायची, नस काढायची, की दाढच काढायची?

डॉक्टर दाढेचा छोटा फोटो काढून पाहतात. मग तीन गोष्टींपैकी एक सांगतात.

कीड वरवर असेल तर किडका भाग कोरून काढतात आणि दाढ भरतात. हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत चांगला उपाय.

कीड गाभ्यात गेली असेल तर गाभा स्वच्छ करून मुळे भरून घेतात. याला रूट कॅनॉल म्हणतात. दाढ वाचते, पण खर्च कितीतरी पट होतो. नंतर दाढ ठिसूळ होते, म्हणून तिच्यावर टोपी बसवावी लागते. टोपी टाळली तर सुपारी फोडताना किंवा हुरडा चावताना दाढ उभी चिरते, आणि आधीचा सारा पैसा पाण्यात जातो.

दाढ फारच गेली असेल, किंवा रूट कॅनॉलचा खर्च झेपत नसेल, तर दाढ काढतात. त्याला खर्च कमी. सरकारी दवाखान्यात तर काहीच नाही. दाढ काढणे हे हार मानणे नव्हे. मुळाशी पू झालेली दाढ तोंडात ठेवण्यापेक्षा काढलेली बरी. परंतु एवढे ध्यानात घ्या, की काढलेली दाढ परत उगवत नाही. शेजारचे दात त्या जागेकडे कलतात, समोरची दाढ लांब येते, चावणे एका बाजूचे होते. म्हणून भरून भागत असेल तर भरून घ्यावी. "रोजची कटकट नको, उपटून टाका," असे डॉक्टरांना आपण होऊन सांगू नये.

दाढ काढताना दुखेल, ही भीती पुष्कळांना असते. आधी सुईने जागा बधिर करतात. सुई टोचल्यासारखी वाटते, पुढे ओढल्यासारखे वाटते, कळ येत नाही. कळ आली तर हात वर करा, डॉक्टर थांबतात. दुसरी भीती म्हणजे वरची दाढ काढली की डोळा जातो. हे साफ खोटे आहे. दाढेची नस वेगळी, डोळ्याने पाहण्याची नस वेगळी.

खुर्चीत बसण्याआधी डॉक्टरांना या गोष्टी न लपवता सांगा: साखरेचा आजार, रक्तदाब, हृदयाचे दुखणे, रक्त पातळ करणारी गोळी, एखादे औषध अंगावर उठत असेल तर ते, आणि बाई गरोदर असेल तर कितवा महिना. रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंद मात्र करू नका. आणि उपाशीपोटी जाऊ नका. थोडे खाऊन जा.

दाढ काढल्यावर

कापसाचा किंवा जाळीच्या कापडाचा बोळा देतात, तो अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरा. सारखे थुंकू नका. थुंकल्याने जखमेवर धरलेली रक्ताची गाठ सुटते. पहिला दिवसभर चूळ भरू नका, गरम चहा पिऊ नका, नळीने काही ओढून पिऊ नका. गार दहीभात किंवा ताक-भात चालतो. दुसऱ्या दिवसापासून कोमट मीठपाण्याने हलकेच चूळ भरा.

तंबाखू, विडी आणि दारू काही दिवस पूर्ण बंद. तंबाखूने जखम भरत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठणका कमी होण्याऐवजी वाढला, किंवा बोळा धरूनही रक्त थांबले नाही, तर त्याच डॉक्टरांकडे परत जा. "एकदा दाढ काढली, आता काय जायचे?" असे म्हणू नका.

दवाखाना गाठेपर्यंत

रात्र असते, एसटी सकाळी असते. तोवर काय करावे?

पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून चूळ भरा. खड्ड्यात अडकलेले अन्न निघून जाऊ द्या. मोठ्या माणसाने पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी घ्यावी. दोन गोळ्यांमध्ये निदान सहा तास जाऊ द्यावेत. लिव्हरचा आजार किंवा दारूचे व्यसन असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. लवंगेच्या तेलाचा एक थेंब कापसावर घेऊन दाढेत धरला तर थोडा वेळ बधिर वाटते. तेल हिरडीला लागू देऊ नका, चटका बसतो. बाहेरून गार पाण्याची घडी ठेवा. उशी उंच घ्या.

आता काय करू नये ते ऐका. गालाला गरम शेक देऊ नका, सूज वाढते. गोळी कुटून हिरडीवर लावू नका, हिरडी जळते. रॉकेल, तंबाखूची चिमूट, मशेरी, चुना दाढेत भरू नका. मशेरीने ठणका थोडा बसतो असे आमच्या आयाबाया सांगतात, पण तो नशेचा गुण. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिच्याने तोंडाचा कॅन्सर होतो. आणि दुकानातून आपल्या मनाने जंतू मारण्याची कॅप्सूल घेऊ नका. ती दाढेतली कीड बरी करीत नाही. दोन दिवस घेऊन सोडली तर पुढे खरी गरज पडेल तेव्हा तिचा गुण येत नाही.

या खुणा दिसल्या तर थांबू नका

गाल, हनुवटीखालचा भाग किंवा मान सुजली. ताप आला. तोंड उघडेना. थुंकी गिळता येईना. जीभ वर उचलल्यासारखी वाटू लागली. श्वास घ्यायला त्रास होऊ लागला. डोळ्याभोवती सूज आली.

यांतली एकही खूण दिसली तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. पैशांचा विचार नंतर. अशा वेळी दाखल व्हावे लागले तर दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटून सरकारी योजनेत काही बसते का ते विचारा.

बाजारातले दातवाले

आठवडी बाजारात कुणी दाढेतला किडा काढून दाखवतो. रिंगणीच्या बियांची धुरी देतो, आणि कापसावर पांढरे किडे दाखवतो. लोक चकित होतात. मंडळी, ती हातचलाखी आहे. दाढेत किडा नसतोच, तर निघेल कुठून? रस्त्याकडेला बसून पक्कडीने दात उपटणारेही भेटतात. त्यांची हत्यारे उकळलेली नसतात. एकाच्या तोंडातली पक्कड दुसऱ्याच्या तोंडात जाते. त्यातून रक्तातले भयंकर रोग लागतात. आपल्या देशात दंतवैद्यांचा कायदा १९४८ साली झाला. ज्याच्या पाटीवर बी.डी.एस. ही पदवी आणि नोंदणीचा नंबर आहे, त्याच्याकडेच जा. आता तुम्हाला वाचता येते. पाटी वाचा. साक्षर झाल्याचा हाही एक उपयोग आहे.

पोरांच्या दातांकडे पाहा

आपले दात गेले ते गेले. पोरांचे तरी वाचवू. दुधाचे दात २०. ते पडणारच, म्हणून आपण लक्ष देत नाही. परंतु सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांच्या मागे एक नवी दाढ येते. ती दुधाची नव्हे. ती जन्मभराची दाढ. आईबापांना ती दुधाचीच वाटते आणि ती किडून जाते. आमच्या विद्यार्थ्याची गेली ती हीच दाढ.

शाळेत आणि अंगणवाडीत वर्षातून मुलांची आरोग्य तपासणी होते. त्यात दातही पाहतात. तपासणीच्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. दाताबद्दल चिठ्ठी दिली तर ती वाचा, खिशात विसरू नका.

सकाळी एकदा आणि रात्री निजताना एकदा, असे दोनदा दात घासा. रात्रीचे घासणे अधिक मोलाचे, कारण झोपेत लाळ कमी सुटते. पेस्ट फ्लोराइडची घ्यावी. पुडक्यावर तसे लिहिलेले असते. सहा-सात वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. लहान मुलाला दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नका. आणि वर्षातून एकदा, दुखत नसताना, दात दाखवा.

शेवटी

आमचा विद्यार्थी आता बरा आहे. हनुवटीखाली व्रण राहिला आहे. गेल्या महिन्यात तो आपल्या मुलीला घेऊन आमच्याकडे आला. मुलगी सात वर्षांची. "गुरुजी, हिच्या मागच्या दाढीला काळा ठिपका दिसतोय. दुखत नाही. पण म्हटलं, दाखवावं."

आम्ही आशाताईंना वार विचारला. दोघे तालुक्याला गेले. केसपेपरला पैसे पडले नाहीत. दाढ भरून दुपारच्या गाडीने परत आले. खर्च झाला तो एसटीच्या तिकिटाचा आणि एका खाड्याचा.

बापाने दोन वर्षे ज्या गोष्टीची वाट पाहिली, ती मुलीच्या बाबतीत त्याने दोन दिवसही पाहिली नाही. वाचक हो, तुमच्या घरात कुणाच्या दाढेला खड्डा असेल तर आज रात्री दिव्याजवळ बसवून पाहा. आणि उद्या आशाताईंना वार विचारा.

ध्यानात ठेवा

१. दाढ दुखत नसतानाच भरून घ्यावी.
२. ठणका आपोआप थांबला म्हणजे दाढ बरी झाली असे नाही.
३. विमा नसला तरी सरकारी दवाखाना आणि दातांचे कॉलेज आहे.
४. जाण्याआधी वार आणि वेळ विचारा. खाजगीत आधी खर्च विचारा.
५. सूज, ताप, गिळता न येणे, तोंड न उघडणे दिसले की लगेच १०८.